कान्हेरीची पोढी, गोराईची खाडी

बोरिवलीला आमच्याकडे पाहुणे आले की दोन सहली ठरलेल्या. एक दिवस नॅशनल पार्क, दुसऱ्या दिवशी गोराई. डोंगराचा आणि खाडीचा काही संबंध असेल, असं इतकी वर्षं इथे राहून माझ्याही मनात आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात नाशिकहून आलेल्या भाच्याने पार्कातल्या कान्हेरीला गेल्यावर विचारलं, "मावशी, एवढं पाणी जातं कुठे?"

कान्हेरीत काळ्या कातळात शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं ती कोरली जात होती. बहुतेक मंडळी 3 क्रमांकाच्या चैत्यगृहात फोटो काढतात, तिखट-मीठ लावलेली काकडी खातात आणि उतरतात. पण पाहायची ती दारालगतची टाकी. कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी त्यांत वळवलंय. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलंय. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पोढी दान दिली, तेही कोरून ठेवलंय. देणगीदाराचं नाव भिंतीवर लावायची आपली हौस फार जुनी!

भाच्याला म्हटलं, चल, नदी दाखवते. तुळशी तलावाच्या बाजूने येणारी दहिसर नदी जंगलातले ओढे घेत पार्कातून खाली येते. हे पानझडीचं जंगल, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. उन्हाळ्यात खराटा, श्रावणात इतकं गच्च की पाच पावलांवरचा बिबट्याही दिसू नये. उतारावर कारवी माजलेली. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, पण पाड्यांवरच्या कुडाच्या भिंतींना तिच्या काठ्या एरवीही लागतात.

पार्कात नदीच्या तळातले गोटे मोजता येतात. कुंपण ओलांडलं की तबेल्यांचं शेण, कारखान्यांचा मळ, प्लास्टिक, आणि लोक तिला सरळ नाला म्हणतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हाच 'नाला' आमच्या तळमजल्यावर कमरेइतका चढला होता. नदी आहे, हे त्या दिवशी कळलं.

ती मनोरी खाडीला मिळते. दुसऱ्या दिवशी गोराईच्या बोटीत बसलो, तेव्हा ओहोटी होती. काठच्या चिखलातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिली खोचाव्यात तशी वर आलेली. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. डोंगरावरून आलेला गाळ हीच झाडं धरून ठेवतात, त्यात कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं वाढतात. खाडीतून शोषलेलं जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं.

जेट्टीजवळ भाच्याला एक पान दिलं. "चाट."

त्याने जीभ लावली, तोंड वाकडं केलं. मग आणखी एक पान मागून घेतलं आणि खिशात ठेवलं, आईला चाखायला.