विद्यार्थ्यांनी बांधलेले घर

परदेशी जाऊन एखाद्या खेड्यात दोन-तीन आठवडे माती वाहणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी बोलणे निघाले, की व्यवहारी मनुष्य प्रथम हिशेब विचारतो. प्रवासभाड्याला जेवढा पैसा खर्च झाला, तेवढ्यात त्या गावातलेच चार गवंडी कामाला लावता आले नसते काय? प्रश्न रास्त आहे. कॉलेजातल्या मुलाने रचलेली भिंत गवंड्याच्या भिंतीची बरोबरी करीत नाही, हे उघड आहे. परंतु जपानमधील एका विद्यार्थी-संस्थेची हकिकत पाहिली, म्हणजे या हिशेबात एक रकाना राहून गेला आहे, असे वाटू लागते.

'फ्रेंड्स इंटरनॅशनल वर्क कॅम्प' हे त्या संस्थेचे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील क्वेकर पंथीयांनी जपानमध्ये मदतकार्यासाठी श्रमशिबिरे भरविली. त्यांतून ती उदयास आली, आणि पुढे क्योतो, ओसाका, नारा या भागातील विद्यार्थ्यांनी तिचा कारभार आपल्या हाती घेतला.

त्या काळी जपानमध्ये कुष्ठरोग्यांना समाजापासून दूर ठेवण्याचा कायदा होता. १९०७ साली त्याचा आरंभ झाला, १९३१ साली तो अधिक कडक करण्यात आला, आणि गुणकारी औषधे हाती आल्यावरही १९५३ साली नव्या रूपाने तो कायम राहिला. तो रद्द झाला १९९६ साली! औषधाने पूर्ण बरा झालेला मनुष्यदेखील बाहेरगावी गेला, तर त्याला रात्रीपुरती पथारी टाकावयास जागा मिळण्याची खात्री नसे. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातील तत्त्वचिंतक त्सुरुमी शुनसुके यांच्या ओळखीच्या एका बऱ्या झालेल्या रुग्णाला टोकियोत असाच नकार मिळाला. त्सुरुमींनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली. विद्यार्थ्यांनी विचार केला तो असा, की कोणी उतरू देत नसेल, तर उतरण्याचे घर आपणच बांधावे.

नारा येथील एका धार्मिक वसाहतीने जागा दिली. परंतु १९६४ साली बांधकामाची वार्ता पसरताच आसपासचे रहिवासी विरोधास उभे राहिले. कायद्याचा बडगा दाखविणे विद्यार्थ्यांना शक्य नव्हते; कायदाच मुळी भीतीच्या बाजूचा होता. त्यांनी लोकांची समजूत घालण्यास आरंभ केला. हा रोग सहजासहजी लागत नाही आणि औषधाने बरा होतो, हे विज्ञान त्यांना पुनःपुन्हा सांगावे लागले. अखेर १९६७ साली घर पुरे झाले. त्याला नाव दिले 'मुसुबी नो इए', म्हणजे माणसांना एकमेकांशी जोडणारे घर. विटा रचण्याचे काम त्या मानाने सोपे. शेजाऱ्यांचे मन वळविण्यातच खरे कष्ट होते, आणि ते पैसे देऊन आणलेल्या गवंड्याकडून करून घेता आले नसते.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, तेव्हा प्रारंभीच्या वर्षांत तेथे पिकलेली भाजी गावातले लोक घेत नसत. मग १९५०च्या दशकात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक तेथे आले. प्येर सेरेझोल या स्विस अभियंत्याने १९२० साली व्हर्दूंच्या उद्ध्वस्त रणभूमीवर स्थापिलेली ही संस्था. १९३४च्या भूकंपानंतर स्वतः सेरेझोलही बिहारमध्ये काम करून गेले होते. आनंदवनात या पाहुण्यांनी इमारती उभारल्या, रुग्णांच्या पंक्तीला बसून ते जेवले, आणि हे डोळ्यांनी पाहणाऱ्या वरोरेकरांची भीती हळूहळू ओसरू लागली. आपल्याच माणसाचा शब्द पटू नये आणि परक्याच्या जेवणाने पटावा, याचे थोडे वैषम्य वाटते खरे. पण माणसाचे मन असेच असते.

जपानी विद्यार्थी १९७२पासून दक्षिण कोरियातील कुष्ठमुक्तांच्या वस्त्यांत जाऊ लागले. ज्या देशावर आपल्या वाडवडिलांनी ३५ वर्षे राज्य केले, तेथे कुदळ घेऊन जाणे काही सोपे नव्हते. या शतकाच्या आरंभी ते दक्षिण चीनमध्ये पोहोचले, आणि तेथील शिबिरांतून २००४ साली क्वांगचौ येथे 'जॉय इन अ‍ॅक्शन' ही संस्था निघाली. आता चिनी विद्यार्थीच शिबिरे भरवू लागले.

विद्यार्थ्यांच्या संस्थेत एक उणीव जन्मतःच असते. चार वर्षांत माणसे पदवी घेऊन निघून जातात. ज्याला गावातल्या आजोबांचे नाव ठाऊक, तोच नेमका नोकरीला लागतो. म्हणून जाणाऱ्याने येणाऱ्याला बरोबर घेऊन गावात जावयाचे आणि घरोघर ओळख करून द्यावयाची, हेच अशा संस्थांचे मोठे काम होऊन बसते. दुसरीकडे गावेही रिती होत आहेत. चीनमधील या वस्त्यांत उरलेली माणसे बहुधा वृद्ध आहेत. त्यांच्यासाठी नवे बांधावयाचे आता फारसे राहिलेले नाही. पण ज्यांच्या दारी नातलगही येत नव्हते, त्यांच्याकडे सुटी लागली की कोणीतरी येणार असते.