ममताचं काय झालं? 'मी सिंधुताई सपकाळ' पुन्हा बघताना

ज्यांचे इअरफोन घरी राहिले, किंवा ज्यांना सरळ वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी 'म्हणजे' हा शब्द फार वापरतो, ते जमतील तेवढे काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर आजचा सिनेमा जुना आहे. २०१० चा 'मी सिंधुताई सपकाळ', दिग्दर्शक अनंत महादेवन. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो शाळेत असताना टीव्हीवर तुकड्यातुकड्यात बघितला असेल. २०२३ मध्ये 'सिंधुताई माझी माई' ही मालिका आली, त्यामुळे लहानपणीची चिंधी आता घराघरात माहीत आहे. पण सिनेमा सलग बसून बघितलेले लोक माझ्या ओळखीत फार कमी निघाले. मी स्वतः गेल्या महिन्यात पहिल्यांदा सलग बघितला. आणि मी वर्ध्याचा आहे! सिंधुताईंचा जन्म पिंपरी मेघेचा, १४ नोव्हेंबर १९४८. पिंपरी मेघे म्हणजे वर्धा शहराला इतकं चिकटलेलं, की शहर कुठे संपलं आणि पिंपरी कुठे सुरू झाली हे नवख्या माणसाला कळत नाही. माझं घर तिथेच. आई तिथे मेस चालवते, इंजिनिअरिंगच्या पोरांचे डबे. म्हणजे (हा एक 'म्हणजे' राहू दिलाय) मी ज्या गावात वाढलो त्या गावच्या बाईवरचा सिनेमा बघायला मला पंधरा वर्षं लागली. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी गोष्ट थोडक्यात. नको असलेली मुलगी म्हणून घरात नाव पडलं 'चिंधी'. वडील अभिमान साठे गुरं राखायचे. त्यांना मुलीला शिकवायचं होतं, पण शाळा चौथीपर्यंतच झाली. कोवळ्या वयात लग्न झालं, नवरा जवळपास वीस वर्षांनी मोठा, सासर सेलू तालुक्यातलं नवरगाव. आणि मग येतं शेणाचं प्रकरण. मालिकेमुळे चिंधी माहीत असलेल्यांनाही हे बहुतेक वेळा माहीत नसतं, म्हणून इथे जरा थांबतो.

नवरगाव जंगलाला लागून. तिथे शेण म्हणजे घाण नाही, इंधन. वाळलेल्या शेणाला किंमत असते. गोळा करायचं काम गावातल्या बायकांचं, आणि विकायचा धंदा गावातल्या एका दांडग्या माणसाचा, वनखात्याशी संगनमत करून. बायकांच्या हाती एक पैसा नाही. सिंधुताईंनी यावर आवाज उठवला. प्रकरण थेट जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेलं, ते गावात आले आणि निकाल बायकांच्या बाजूने लागला. विचार करा, पन्नासेक वर्षांपूर्वी चौथी शिकलेल्या बाईने कलेक्टरला गावात आणलं. ज्याचा धंदा बुडाला त्याने उट्टं काढलं ते असं, की तिच्या पोटातलं मूल नवऱ्याचं नाही अशी आवई उठवली. नवऱ्याने ती खरी मानली.

पदरात आधीचे तीन मुलगे, चौथ्यांदा गरोदर, पूर्ण दिवस भरलेले. मारून गोठ्यात टाकलं, तिथेच गुरांच्या पायात मुलगी झाली. नाळ दगडाने ठेचून तोडली. सोळा घाव घालावे लागले, असं त्या पुढे भाषणांत सांगायच्या. माहेरी गेल्या, तर आईनेही घरात घेतलं नाही. मग रेल्वे स्टेशनांवर गाणी म्हणून भीक मागणं आणि रात्री स्मशानात झोपणं, कारण तिथे पुरुष फिरकत नाहीत. चितेच्या विस्तवावर भाकरी भाजल्याचा प्रसंग महाराष्ट्रात आता बहुतेकांना पाठ आहे.

सिनेमा हे सगळं एका विमानप्रवासातून मागे जात सांगतो. सिंधुताई भाषणासाठी अमेरिकेला निघाल्यात आणि आठवणी येत राहतात. तरुण सिंधुताई तेजस्विनी पंडित, आणि वयस्क सिंधुताई ज्योती चांदेकर. या दोघी खऱ्या आयुष्यात मायलेकी! आईचं काम करणाऱ्या बाईची आई, तीच बाई म्हातारी झाल्यावर. हे कळल्यावर मी तोंडाचा भाग पुन्हा लावला, दोघींच्या हनुवट्या बघायला. सिनेमाचा पहिला खेळ लंडनच्या चित्रपट महोत्सवात झाला. पुढे ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार, पटकथेचा महादेवन आणि संजय पवार यांना, संवादांचाही संजय पवारांना, गायनाचा सुरेश वाडकरांना. पुरस्कारांचं एवढं पुरे.

आता मूळ मुद्दा. गोठ्यात जन्मलेल्या त्या मुलीचं नाव ममता. भीक मागताना सिंधुताईंना स्टेशनवर टाकून दिलेली पोरं दिसायला लागली, त्या त्यांना जवळ घ्यायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की स्वतःची मुलगी कुशीत असली की घास आधी तिच्याकडे जाणार, हात आधी तिच्या डोक्यावर फिरणार. म्हणून त्यांनी ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवलं. दुसऱ्यांच्या लेकरांना आई मिळावी म्हणून स्वतःच्या लेकराला आईपासून लांब ठेवलं.

महाराष्ट्रभर हे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं, टाळ्या पडतात. मला टाळी वाजवता येत नाही. मला सारखं वाटत राहिलं, तिला काय वाटलं असेल? रोज संध्याकाळी इतर मुलांना घ्यायला कोणीतरी येतं, आणि तुला माहीत आहे की तुझी आई जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि या क्षणी दुसऱ्या कोणाला तरी भरवतेय. सिनेमा सिंधुताईंचा आहे, त्यामुळे कॅमेरा त्यांच्याबरोबर राहतो. ते बरोबरच. पण मला त्या मुलीबद्दल अजून बघायचं होतं.

कारण पाचवी आणि सहावी मीही हॉस्टेलला काढली. वडील मी तिसरीत असताना घर सोडून गेले. वारले नाहीत, गेले. यातला फरक ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. वारले असते तर लोकांनी हळहळ केली असती. गेले, म्हणून लोक आईकडे बघायचे, की हिनेच काहीतरी केलं असणार. वर्गात मी 'ज्याचा बाप पळाला तो' होतो. आई तेव्हा एका दवाखान्यात रात्रपाळीला आया होती, दिवसा दोन घरचा स्वयंपाक. तिने मला हॉस्टेलला टाकलं. दोन वर्षांनी परत आणलं, तोवर मेस सुरू झाली होती. मी परत आलो, पण राग काही गेला नाही. बी.टेक. झालं, पुण्यात नोकरी लागली, तरी राग होता. टीव्हीवर हा सिनेमा लागला की आई चॅनल बदलायची आणि मी उठून बाहेर जायचो. दोघांनाही तो नको होता, वेगवेगळ्या कारणांनी. दोघेही कधी बोललो नाही.

आणखी एक गोष्ट, हिच्याकडे मी खास कोडवाल्या माणसाच्या नजरेने बघतो: नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. माझ्या प्रत्येक मार्कशीटवर, ऑफर लेटरवर, ऑफिसच्या आयडीवर मधोमध एक माणूस बसलाय, ज्याला मी शेवटचं तिसरीत बघितलं. सिनेमाचं नाव बघा ना. 'सपकाळ' हे माहेरचं आडनाव नाही, माहेरचं साठे. सपकाळ हे त्या नवऱ्याचं आडनाव, ज्याने गोठ्यात टाकलं. पद्मश्री, भाषणं, पाट्या, सगळीकडे तेच नाव मोठं झालं. पुढे म्हातारपणी तो नवरा परत आला तेव्हा सिंधुताईंनी त्याला आश्रमात घेतलं, पण नवरा म्हणून नाही, लेकरू म्हणून. सगळ्यात मोठं लेकरू, अशी त्या लोकांना ओळख करून द्यायच्या. मला हे अजून पचलेलं नाही, खरं सांगतो.

कागदांचं जग मात्र हळूहळू बदलतंय, आणि ही माहिती तुमच्यातल्या कोणाला तरी लागेल म्हणून नीट सांगतो. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला आई किंवा वडील, एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं. डिसेंबर २०१८ पासून, आई एकटी पालक असेल तर पॅन कार्डाच्या अर्जात वडिलांचं नाव सक्तीचं नाही, फक्त आईचं देता येतं. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आलाय. आमच्यासारख्या जुन्या आवृत्त्यांना हा अपडेट आपोआप मिळत नाही. पण पासपोर्ट मी गेल्या वर्षी काढला, तो फक्त आईच्या नावावर.

परत ममताकडे. ती शिकली, आणि मोठेपणी आईच्याच कामात आली. सिंधुताईंच्या संस्थांची नावं ऐका: चिखलदऱ्याला मुलींचं वसतिगृह, हडपसरला सन्मती बाल निकेतन, वर्ध्याला वडिलांच्या नावाने अभिमान बालभवन, आणि सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन. जिला लांब ठेवलं, तिचंच नाव अनाथ मुलांच्या घराला. माझं ऑफिस हडपसरच्या बाजूलाच आहे. तीन वर्षं त्या रस्त्याने जातोय, कधी गाडी थांबवली नाही. ४ जानेवारी २०२२ ला सिंधुताई पुण्यात गेल्या, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी वर्ध्याचा म्हणून दोघांनी मला वेगळा मेसेज केला, जणू माझ्याच घरचं कोणी गेलं. मी 'हो ना' लिहून लॅपटॉप उघडला.

तर गेल्या महिन्यात सिनेमा संपला, रात्रीचे साडेअकरा. मी आईला फोन लावला. ती जागीच असते, सकाळच्या भाज्या निवडत. सरळ विचारलं, मला हॉस्टेलला काहून टाकलं होतं?

थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाली, "तुले आज काहून आठवलं रे हे?"

मी सिनेमाचं सांगितलं. ती म्हणाली, "मी काही माई नाही बाबू. तिनं दुसऱ्याच्या लेकरांसाठी केलं. मी रात्री ड्युटीवर जायची, तू एकटा झोपायचा, बाहेरून कुलूप लावून. एक दिवस आली तं तू दाराले टेकून झोपला होता. मले दोन वर्षं पायजे होते. घेतले."

कुलपाचं मला आठवत नव्हतं. अजिबात नाही. मी इतकी वर्षं हॉस्टेलचा हिशोब ठेवला आणि त्याच्या आधीची ओळच माझ्या लॉगमध्ये नव्हती.

मी विचारलं, हे पॉडकास्टमध्ये सांगू का? ती म्हणाली सांग. पण माह्यं नाव नको घेजो, पिंपरीत सारे ओळखतात, उद्या मेसमधले पोरं विचारत बसतील. आणि मग म्हणाली, जेवला का?

पुढचा भाग शुक्रवारी. तुमच्यापैकी कोणी हॉस्टेलमध्ये वाढलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नसलं तरी चालेल.