समजून घ्या : खेळाडूला पडद्यावर नेतं कोण? पदक, शरीर की ओळख?

वाशीम, कारंजा, रिसोडच्या महाविद्यालयांतील खेळाडू संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. त्यातल्या एखाद्याची रील गाजली, की ‘पिक्चरमध्ये का जात नाहीस?’ हा प्रश्न हमखास येतो. खेळातून अभिनयात गेलेल्या राज्यातील तिघांचा प्रवास पाहिला, तर याचं उत्तर मिळतं.

आकाश ठोसर : पैलवानाचा परश्या

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधला (२०१६) परश्या साकारणारा आकाश ठोसर पुण्यात शिकत असताना कुस्ती करायचा. मंजुळे यांचे बंधू भारत यांनी त्याला रेल्वे स्थानकावर पाहिलं आणि तिथून निवडीचा मार्ग खुला झाला. मात्र आखाड्यात कमावलेलं शरीर कोवळ्या परश्याला शोभणारं नव्हतं. भूमिकेसाठी त्याला वजन उतरवावं लागलं. पुढे ‘झुंड’ (२०२२) आणि ‘घर बंदूक बिरयानी’मध्येही (२०२३) तो दिसला.

मिलिंद सोमण : तलावातून रॅम्पवर

सोमण १९८०च्या दशकात जलतरणातील राष्ट्रीय विजेते होते. अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या सोमण यांना चेहरा म्हणून ओळख दिली ती मॉडेलिंगने. १९९५ मध्ये ‘मेड इन इंडिया’ या गाण्याच्या व्हिडिओतून ते घराघरांत पोहोचले. ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका, ‘गंध’ आणि ‘संहिता’ हे मराठी चित्रपट त्यानंतरचे.

सैयामी खेर : खेळ कामी आला, पण नंतर

नाशिकमध्ये वाढलेली सैयामी राज्य पातळीवर बॅडमिंटन आणि क्रिकेट खेळली. अभिनेत्री उषा किरण तिच्या आजी. ‘मिर्झ्या’तून (२०१६) हिंदीत आलेल्या सैयामीला ‘घूमर’मध्ये (२०२३) उजवा हात गमावलेल्या क्रिकेटपटूची भूमिका मिळाली. त्यासाठी ती डाव्या हाताने फिरकी टाकायला शिकली.

यातून काय दिसतं?

तिघांपैकी कुणालाही केवळ पदकामुळे सिनेमा मिळाला नाही. एकाला योगायोग, दुसऱ्याला मॉडेलिंग, तर तिसरीला मुंबईच्या सिनेविश्वाशी असलेलं घरचं नातं, अशी तीन वेगवेगळी दारं होती. खेळाचा उपयोग झाला तो आत गेल्यावर. तीच हालचाल शंभरदा करण्याची सवय, प्रशिक्षकाचं ऐकण्याची तयारी आणि थकल्यावरही उभं राहण्याची ताकद चित्रीकरणात लागतेच. संवाद, उच्चार आणि कॅमेऱ्यासमोरचा वावर मात्र वेगळा शिकावा लागतो.

वाशीमच्या खेळाडूने काय करावं?

राज्य सरकारच्या नोकरभरतीत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेत कोणतं स्थान मिळवलं, यावर कोणत्या गटातील पदासाठी अर्ज करता येईल ते ठरतं. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी व्हावी लागते. हा रस्ता कागदावर नियमांसह उपलब्ध आहे. सिनेमाचा तसा नाही.

म्हणून ऑडिशनसाठी मुंबई गाठण्यापूर्वी हंगाम अर्धवट सोडू नये, पदवी पूर्ण करावी आणि प्रमाणपत्रांची फाइल तयार ठेवावी. अभिनयाची आवड असेल, तर विद्यापीठाच्या युवक महोत्सवातील एकांकिका ही घराजवळची पहिली परीक्षा आहे. तिथे खेळ आणि अभिनय, दोन्हींची तयारी एकाच वेळी करता येते.