गिरणीच्या आवारात, चाचांसोबत

फुलपाड्यात आमच्या इमारतीतल्या जुन्या रहिवाशांना ‘आधी कुठे होतात?’ असे विचारले, तर लालबाग, डिलाईल रोड, भायखळा, मदनपुरा ही नावे निघतात. कुणी चाळीतली खोली विकून आले, कुणाच्या चाळीच्या जागी टॉवर झाला. त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत एक तरी माणूस गिरणीत होता. आता त्याच गिरण्यांच्या आवारात चित्रांची दालने, डिझाइनचे स्टुडिओ, जाहिरात कंपन्यांची कार्यालये, गाण्याचे कार्यक्रम आणि महागड्या सजावटीची दुकाने थाटली आहेत. जुन्या कारखान्याचे ‘कलाक्षेत्र’ होणे म्हणजे काय, हे मुलांना दाखवावे म्हणून सुट्टीच्या दिवशी मी आठवीतल्या मुलीला घेऊन निघाले. तळमजल्यावरच्या चाचांनाही सोबत घेतले. मूळचे खेड तालुक्यातले चाचा साचाखात्यात विणकर होते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण चालायला माझ्यापेक्षा चपळ.

विरारची फास्ट लोअर परळला थांबत नाही. दादरला उतरून स्लो गाडी पकडावी लागते, मग प्रभादेवी आणि पुढचे लोअर परळ. प्रभादेवी म्हणजे २०१८ पर्यंतचे एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, रोज हजारो माणसे वाढली, पूल मात्र जुनाच राहिला होता. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण दगावले. हे दोन्ही प्रसंग मुलीला मी आधीच सांगून ठेवले होते. जागा नुसती सुंदर दिसून चालत नाही, तिच्यातून बाहेर पडायची वाट कुठे आहे हेही पाहावे लागते.

आवारात शिरल्यावर पहिल्यांदा लक्ष जाते ते छपराकडे. करवतीच्या दात्यांसारखी एकामागून एक उतरती छपरे, आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काच. ती काच बहुधा उत्तरेकडे तोंड करून असते. उत्तरेकडून दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो आणि थेट ऊन आत पडत नाही. विणकराला तुटलेला धागा दिसावा आणि सावली पडू नये म्हणून ही रचना. चित्रकाराला आणि छायाचित्रकाराला हवा असतो तोही नेमका असाच उजेड. त्यात उंच छत, लोखंडी खांब आणि मधे भिंत नसलेली लांबच लांब जागा. जगभर कलावंत जुन्या कारखान्यांकडे का वळले, याचे अर्धे उत्तर या छपरात आहे. उरलेले अर्धे म्हणजे सुरुवातीला मिळणारे स्वस्त भाडे. ते फार काळ टिकत नाही. इथल्याच मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ नावाचे संगीताचे ठिकाण सुरू झाले, देशोदेशीचे वादक तिथे येऊन गेले, आणि २०१६ मध्ये ते बंदही झाले.

चाचा छपराकडे पाहत नव्हते. ते जमिनीकडे पाहत होते. “इथे साचे बोल्टने घट्ट बसवलेले असायचे. सगळे एकदम चालू झाले की जमीन थरथरायची. बोललेलं ऐकू यायचं नाही, आम्ही ओठ बघून समजायचो.” मुलीने विचारले, “चाचा, मग पंखे होते का?” चाचा हसले. धाग्याला दमटपणा लागतो, कोरड्या हवेत तो तुटतो, म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. उन्हाळ्यात माणूस भिजून निघे. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन खोकला जडे. त्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली, तिची स्थापना १८५४ सालची. गिरण्या वाढल्या तशी घाटावरून, कोकणातून माणसे आली. उत्तरेकडून, आझमगड-मऊ-बनारसच्या पट्ट्यातून, मोमिन म्हणजे जुलाहे विणकर आले आणि मदनपुऱ्यात वसले. विणकाम ही त्यांची खानदानी विद्या, त्यामुळे साचाखात्यात मराठा विणकरांच्या बरोबरीने ते दिसत. आपल्या समाजाच्या इतिहासात हे पान फारसे वाचले जात नाही. गिरणी कामगार म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्यात आपण स्वतःलाच पाहत नाही.

त्याच साचाखात्याची दुसरी बाजूही मुलीला सांगायला हवी होती. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने श्वास ओढून बाहेर काढत. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. म्हणून सवर्ण कामगार दलितांना विणकामात येऊ देत नसत, आणि जास्त मजुरीचे ते काम दलितांना बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. एवढ्याशा भोकात केवढी जात अडकली होती, हे मला स्वतःला पुस्तकातून कळले ते बऱ्याच उशिरा. शाळेत कुणी सांगितले नाही.

पुढे एका दुकानात भिंतीवर लाकडी बॉबिन आणि धोटे टांगलेले होते. खाली किंमत. चाचांनी एक धोटा हातात घेतला, उलटा केला, टोकाचा लोखंडी भाग अंगठ्याने चाचपला आणि विक्रेत्या मुलाला म्हणाले, “बाळा, हा उजव्या हाताच्या बाजूने असा लावतात.” त्या मुलाने कौतुकाने विचारले, “काका, तुम्ही इथे काम करायचात?” आणि त्याने हातातली कामे बाजूला ठेवून पंधरा मिनिटे ऐकून घेतले. दुकानाला धोटा सजावटीपुरताच हवा होता, पण तो हातात धरणारा माणूस आला तर ऐकायला कुणीतरी तयार होते. असे रोज घडत नसावे, कारण फाटकावर आमच्याकडे ‘काय काम आहे?’ या नजरेनेच पाहिले गेले होते.

‘इथे आता कला आली’ असे बोलले जाते, ते मला पटत नाही. कला इथे आधीपासून होती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि कामगार वस्त्यांत पोवाडे, लावण्या, वग गाजवले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल (१९१६-१९६९), स्वतः गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत, चाळीचाळीत भजनी मंडळे आणि नमन-खेळे होत, मोहल्ल्यांत कव्वाली आणि मुशायरे रात्र जागवत. कवी नारायण सुर्वे यांना तान्हेपणी उचलून घरी नेणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते आणि त्यांच्या पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये कामाला होत्या. आज त्या आवारात सुर्व्यांच्या कवितेचा फलक दिसावा अशी माझी इच्छा होती. मला दिसला नाही.

मधला इतिहास थोडक्यात सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या काळात मालकांनी बरेच कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले. एकीकडे मदनपुऱ्याचा विणकर संपात उपाशी, दुसरीकडे भिवंडीत त्याचाच नातेवाईक रात्रपाळी करतोय, असेही झाले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला एक, परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला एक आणि मालकाला एक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. शेडची जमीन वाटणीतून सुटली आणि मैदाने, घरे यांचा हिस्सा आक्रसला. शहराचा तोटा झाला तो इथे, असे माझे मत आहे.

घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती. चाचांचाही अर्ज आहे. १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर असल्याचा पुरावा त्यांनी जपून ठेवला आहे. अलीकडे शेलू, वांगणी इकडे घरे देण्याचा प्रस्ताव आला आणि कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. त्यावर चाचा एवढेच म्हणाले, “विरार झालं, आता अजून किती लांब?”

दुसऱ्या देशांत हे कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. इस्तंबूलमध्ये गोल्डन हॉर्नच्या काठी फेसहाने नावाचा उस्मानी काळातला कारखाना आहे. सुलतान महमूद दुसरा याने सैन्याला फेज, म्हणजे आपल्याकडे जिला तुर्की टोपी म्हणत ती, वापरायला लावली. त्या टोप्या बनवण्यासाठी १८३० च्या दशकात हा कारखाना निघाला. पुढे तिथे लोकरी कापड विणले गेले, १९८६ मध्ये काम थांबले, आणि २०२३ मध्ये इस्तंबूल महापालिकेने तिथे सार्वजनिक कलाकेंद्र सुरू केले. मालकी शहराकडे राहिली, हा मुद्दा मला मोठा वाटतो. मुंबईतही काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची महापालिकेची योजना दशकाहून अधिक काळ चर्चेत आहे. ते पूर्ण झाले, तर चाचांसारख्यांना दाखवणारे म्हणून तिथे बसवावे, तिकीट काढून पाहणारे म्हणून नव्हे.

जोहरची वेळ झाली तेव्हा चाचा जवळच्या मशिदीत जाऊन आले. मग फिनिक्स मिलकडे गेलो. १९०५ ची ही गिरणी, आता मॉल. धुराडे अजून उभे आहे आणि त्याच्यासमोर लोक फोटो काढतात. मुलीने विचारले, हे कशासाठी होते? बाजूला उभे असलेले दोन कॉलेजकुमारही बॉयलर, वाफ आणि भोंग्याची गोष्ट ऐकायला थांबले.

तुम्ही जाणार असाल तर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जुन्या कामगाराला सोबत न्या, आणि मुलांच्या हातात वही द्या. आमच्या मुलीने त्या दिवशी चाचांच्या तोंडून आलेले शब्द लिहून काढले: साचा, धोटा, कांडी, त्रासन, ताणा, बाणा, जॉबर, बदली, पाळी, भोंगा. ‘त्रासन’ हा शब्द तिने तीनदा खोडून लिहिला, कारण चाचा तो दर वेळी थोडा वेगळा उच्चारत होते.