तिची जबानी

1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंपुढे दोनच वाटा ठेवल्या: दादाजी भिकाजीच्या घरी नांदायला जायचं, नाही तर सहा महिने कैद भोगायची. अकराव्या वर्षी, कुणी मत विचारायच्या आत लागलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, असं सांगणाऱ्या या बाईने कैदेची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

मराठी नाटक-सिनेमातल्या नायिकांचा मागोवा मी इथून सुरू करते, कारण प्रत्यक्ष आयुष्यात एका बाईने आपलं म्हणणं न्यायालयापर्यंत नेलं होतं. रंगमंचावरच्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यातून तितकं स्पष्ट बोलायला आणखी ऐंशी वर्षं लागली. बोलली तेव्हाही समोरच्यांनी ते ऐकलं नाही. या कलाकृतींकडे आपण बहुधा नायिकेने काय सोसलं किंवा तिने कसं बंड केलं, या बाजूने पाहतो. मला मात्र दरवेळी दुसराच प्रश्न पडतो. तिला बोलू कोण देतं, आणि तिचं ऐकतं कोण?

देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं 1899 मध्ये. पैशाच्या लोभापायी कांचनभट आपल्या मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. हा सौदा जमवणारा भद्रेश्वर दीक्षित गोडबोल्या, आणि शारदेच्या आईचं घरात काही चालत नाही. जरठ-कुमारी विवाहावर इतका थेट घाव तोवर कुणी घातला नव्हता. पण लग्न मोडतं कशामुळे, ते नीट पाहावं. शारदा नको म्हणते म्हणून नव्हे, तर वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. गोत्र वेगळं असतं तर? या प्रश्नाशी नाटक थांबतं. हा देवलांचा दोष नव्हे. त्या काळच्या समाजात मुलीचा नकार हे लग्न मोडण्याचं कारणच होऊ शकत नव्हतं आणि शास्त्राला शास्त्रानेच उत्तर द्यावं लागत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शारदा गाण्यांतून बोलते. ती गाणी मैत्रिणी ऐकतात, तिला सोडवू पाहणारा तरुण कोदंड ऐकतो, आणि निर्णय शेवटी शंकराचार्यांकडून येतो.

वीस वर्षांनी, 1919 मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ आणलं. राम गणेश गडकरी ते पाहायला उरले नव्हते. त्याच वर्षी 23 जानेवारीला सावनेरला त्यांचं निधन झालं होतं. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, सुधाकराची गणपतराव बोडसांची. सनद गेलेला वकील सुधाकर दारुड्या तळीरामाच्या हातून पहिला प्याला घेतो आणि घर धुळीला मिळतं. सिंधू दळणं दळून पोट भरते. अखेर नवऱ्याच्या हातून तान्हं मूल जातं, ती स्वतः मरणाच्या दारी पडते, आणि पोलिसांपुढे सांगते की यात नवऱ्याचा काही दोष नाही.

सिंधूला ‘सोशिक’ म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तिच्या पातिव्रत्याचा गौरव करणाऱ्यांनी तेच केलं आणि तिच्यावर चिडणाऱ्या नंतरच्या वाचकांनीही तेच केलं. मला तो शेवटचा प्रसंग निराळा दिसतो. सबंध नाटकात सिंधूला कुणी अधिकाराने काही विचारत नाही. भाऊ पद्माकर तिच्या वतीने संतापतो, सुधाकराचा मित्र रामलाल तिच्या वतीने कळवळतो. कायदा समोर येऊन तिला पहिल्यांदा विचारतो तेव्हा तिच्या हाती एकच जबानी असते आणि ती खोटी देते. पाच अंकांत पूर्णपणे तिचा म्हणावा असा हा एकच निर्णय. गडकऱ्यांनी तो तिच्या थोरवीचा कळस म्हणून लिहिला, यात शंका नाही. तरीही त्यांच्या लेखणीने इथे एक भयंकर खरी गोष्ट पकडली आहे. घरात मारहाण झालेल्या बायकांच्या जबान्या आजही अशाच पुसल्या जातात. पडले, घसरले, चक्कर आली.

आणि गडकऱ्यांना दुसरी बाजू दिसत नव्हती असंही नाही. तळीरामाची बायको गीता नवऱ्याच्या दारूबद्दल फडाफडा बोलते, त्याच्याशी भांडते, त्याला नावं ठेवते. सिंधूच्या ओठांवर जे येऊ शकत नाही ते गीतेच्या तोंडी आहे. फक्त गीता विनोदी प्रवेशांत आहे, तेव्हा तिचं खरं बोलणं हशात जातं. एकाच नाटकातल्या या दोन बायका शेजारी ठेवून वाचल्या की ‘एकच प्याला’ हे दारूबंदीच्या प्रचारापेक्षा फार मोठं नाटक ठरतं.

पुढच्या काळात एक बदल झाला, त्याचं श्रेय आपण पुरेसं देत नाही. 1933 साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. 1942 मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त ज्योत्स्ना भोळे भानुमती झाल्या. बालगंधर्वांच्या कलेविषयी मनात पूर्ण आदर ठेवून म्हणते, बाईचा नकार बाईच्या गळ्यातून येतो तेव्हा त्याचं वजन बदलतं.

हे वजन सगळ्यात स्पष्ट दिसतं प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (1937). नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला आणि नीरा झाल्या शांता आपटे. शारदेच्या बाबतीत टळलेलं लग्न नीरेच्या बाबतीत लागूनच जातं. त्यानंतर ती काय करते, हा चित्रपटाचा विषय. ती म्हाताऱ्या काकासाहेबांना नवरा मानत नाही. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्या म्हाताऱ्याचं वय मोजत राहते. आरशासमोर तरुण दिसायची धडपड करणारे काकासाहेब पाहताना आधी राग येतो, मग दया, आणि मग हा माणूस खरोखर विचार करतो आहे हे लक्षात येतं. केशवराव दात्यांनी त्याला खलनायक होऊ दिलेलं नाही. मराठी पडद्यावरचा, बायकोचं म्हणणं शेवटी ऐकणारा पहिला मोठा नवरा माझ्या मते हाच. पण ऐकल्यावर तो स्वतःचा जीव देतो आणि तिने पुन्हा लग्न करावं असं चिठ्ठीत लिहून ठेवतो. नीरेला न्याय मिळतो तो त्याच्या मरणातून. तिने मागितलं होतं ते याहून साधं होतं. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी. प्रत्यक्षात संततिनियमनाचं काम करणाऱ्या या बाईंना पडद्यावर वेगळं सोंग आणावं लागलंच नाही.

यानंतर मी तीस वर्षं ओलांडते, कारण माझ्या प्रश्नाचं सर्वांत कठोर उत्तर 1967 मध्ये मिळालं. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, रंगायनचा प्रयोग, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एका गावात रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला मंडळी आलेली आहेत. खटला आहे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. गावातल्या सामंतला कोर्टाचं काम कसं चालतं ते कळावं आणि वेळही जावा, म्हणून एक लुटुपुटूचा खटला उभा करायचं ठरतं. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. न्यायाधीश काशीकर कान कोरतात, त्यांची बायको विणकाम करते, आणि सुखात्मे वकील फिर्यादीचंही काम पाहतात आणि बचावाचंही. सामंत साक्ष देतो ती एका कादंबरीतला मजकूर वाचून. आणि ती साक्ष बेणारेच्या खऱ्या आयुष्याला तंतोतंत लागू पडते. खेळ कुठे संपला आणि शिकार कधी सुरू झाली, हे बोटाने दाखवता येत नाही, इतकी ती बांधणी घट्ट आहे. बेणारेच्या पोटातलं मूल ज्याचं, तो प्राध्यापक दामले मात्र नाटकभर रंगमंचावर येत नाही. त्याची रिकामी जागा हीच सगळ्यांत मोठी साक्ष.

शेवटी काशीकर बेणारेला आपलं म्हणणं मांडायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत तेंडुलकर काळ थांबवतात. बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे बोलते: पंधराव्या वर्षी मामावर केलेलं प्रेम, नंतरचं प्रेम, शरीर, शाळा, पोटातलं मूल. मराठी रंगभूमीवर बाईने स्वतःबद्दल दिलेली इतकी संपूर्ण जबानी त्याआधी नव्हती. आणि त्या खोलीतल्या एकाच्याही कानावर तिचा शब्द पडत नाही. घड्याळाच्या हिशेबाने ती गप्पच राहिलेली असते. काळ पुन्हा सुरू होतो आणि शिक्षा सुनावली जाते. मग प्रयोगाची वेळ होते, मंडळी सावरून कामाला लागतात, बेणारे पडून राहते आणि सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून जातो.

‘सखाराम बाइंडर’ (1972) मध्ये तेंडुलकरांनी हीच गोष्ट उलटी केली. तिथे आपल्या घरात राहणाऱ्या दोन बायकांपैकी लक्ष्मीचं बोलणं सखाराम ऐकतो, आणि ते दुसरीच्या, चंपाच्या विरुद्ध असतं. चंपाचा जीव जातो तो त्या साक्षीने.

‘उंबरठा’ (1982) मला इतक्या वर्षांनीही अस्वस्थ करतो. शांता निसळ यांची कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, स्मिता पाटीलची सुलभा महाजन. इथे मारझोड नाही, दारू नाही, जरठ नवरा नाही. सासूबाई स्वतः समाजकार्यात आहेत, घर सुधारक आहे. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून बाहेर पडते, व्यवस्थेशी भांडते, राजीनामा देऊन परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असते. नवरा सुभाष ते लपवत नाही. सुधाकर वकील, काकासाहेब वकील, सुखात्मे वकील, सुभाषही वकील. हा योगायोग असेलही, पण बाईसमोर दरवेळी युक्तिवादात तरबेज माणूस उभा आहे, हे खरं. सुलभा युक्तिवाद करत बसत नाही, निघून जाते. गाडीत बसलेल्या स्मिताच्या चेहऱ्यावर विजय नाही, पश्चात्तापही नाही.

1991 मध्ये प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ आलं. त्यातला विद्याचा फोन ज्यांनी पाहिला ते विसरलेले नसतील. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हे कळल्यावर ती त्याच्याशी फोनवर बोलते, आणि आपल्याला फक्त तिची बाजू ऐकू येते. वंदना गुप्ते यांनी तो प्रसंग एकटीने पेलला. बेणारे बोलत होती तेव्हा समोर माणसं होती आणि ऐकणारं कुणी नव्हतं. विद्यासमोर माणूसच नाही, पण तारेच्या दुसऱ्या टोकाला ज्याने ऐकायला हवं तो ऐकतो आहे. त्याला गप्प बसावं लागतं, उत्तर द्यावं लागतं, पुन्हा गप्प बसावं लागतं. आई आणि तीन मुली या घरात एकमेकींचं ऐकतात, हा त्या नाटकाचा खरा नवा विचार. 2022 मध्ये नव्या संचात ते पुन्हा आलं आणि चाललं.

या सगळ्यांत माझं मत बेणारेच्या बाजूने पडतं. कारण तेंडुलकरांनी तिला खोटा दिलासा दिला नाही. तिचं स्वगत आज एकपात्री स्पर्धांत आणि प्रवेशपरीक्षांत वारंवार केलं जातं. ते करणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ते स्वगत सुटं काढून करू नका. निदान तालमीत तरी काशीकर, सुखात्मे, मंडळीतले पोंक्षे, रोकडे, सगळ्यांना तिच्याभोवती उभं करा, त्यांना हलू देऊ नका, आणि मग बोला.