आकाशातलं स्वातंत्र्य आणि त्याचे नियम

भर दुपारी वसईच्या किल्ल्यात उभं राहून वर पाहिलंत तर एखादी घार दिसतेच. पंख हलवत नाही, तरी गोल फिरत वर वर जाते. कशी जाते? जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. घार खरं म्हणजे हवेतून सतत खालीच येत असते. पण ती हवाच त्याहून जास्त वेगाने वर चाललेली असते. माणसाने घारीकडून घेतलेला हा धडा म्हणजे पॅराग्लायडिंग.

एक घोळ आधी दूर करू. हँग ग्लायडरला सांगाडा असतो, पायलट त्याखाली पालथा लटकतो. पॅराग्लायडरला सांगाडाच नाही. नुसतं कापड आणि दोऱ्या! पुढच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि पंखाला आकार येतो. १९७८ साली फ्रान्समध्ये मियूसी इथे काही पॅराशूटवाले डोंगरउतारावरून धावत सुटले, तिथून हा खेळ रुजला. आपल्याकडे त्याचं गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं कामशेत. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. वारा डोंगराला आडवा आला की वर चढतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर तासन्‌तास तरंगता येतं.

आता आमच्या विषयाकडे येऊ. लोक म्हणतात, वर गेलं की मोकळं, कुणाचा जाच नाही. तसं नाही बरं का. डोंगराच्या कडेने दोघे समोरासमोर आले, तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याने आपली वाट धरायची. दुसऱ्याने उजवीकडे, म्हणजे डोंगरापासून दूर वळायचं. कारण पहिल्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते. उठत्या हवेत जो आधी शिरला त्याची फिरण्याची दिशा तीच मागाहून येणाऱ्याची. तिथे सिग्नल नाही, हवालदार नाही. तरी नियम पाळले जातात, कारण तिथे दुसऱ्याचा जीव आणि आपला जीव वेगळे काढता येत नाहीत.

कांटने एका कबुतराचा दाखला दिला आहे. हवेचा अडथळा जाणवून त्या कबुतराला वाटेल, की निर्वात पोकळीत आपण आणखी सहज उडू. पण हवा काढून घेतली तर उडणंच संपलं! बंधनांचंही बहुधा असंच आहे.

मागे एका जानेवारीत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हाला कामशेतला घेऊन गेला. वसईहून दादर, तिथून लोणावळा, मग पुण्याची लोकल. टेकडीवर वीसेक जण तयार होते आणि वारा कधी आडवा, कधी मागून. कुणी काही बोलेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. अखेर त्यांच्यातला सर्वांत अनुभवी माणूस उठला आणि त्याने मुकाट्याने आपलं ग्लायडर गुंडाळलं. पाच मिनिटांत बाकीच्यांनीही गुंडाळलं. परतीच्या गाडीत विद्यार्थी म्हणाला, "सर, ते थांबले नसते तर मी उडालो असतो. भीती वाटत होती, पण कबूल कसं करणार?"

आम्ही चाळीस वर्षं वर्गात स्वातंत्र्य शिकवलं. पण 'आज नको' हे आधी म्हणणारा एक माणूस इतरांना किती मोकळं करतो, ते त्या टेकडीवर कळलं. आपल्या घरात, संस्थेत असा माणूस कोण आहे? आणि नसेल, तर तो आपण का होऊ नये? आता प्रश्न घेऊ या.