अंगणवाडीतील परिचर्या विद्यार्थी : पालकांसाठी माहिती

अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात गेल्यावर कधी गणवेशातील परिचर्या विद्यार्थी वजनकाट्याजवळ उभे दिसतात. ‘शिकाऊ हातांत आपले बाळ कसे द्यावे?’ ही पालकांची शंका स्वाभाविक आहे.

हे प्रशिक्षण कशासाठी?

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पूरक पोषण आहार, पूर्वशालेय शिक्षण, आहार व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या सहा सेवा तिच्यात एकत्र आणल्या आहेत. आहार व पूर्वशालेय शिक्षण अंगणवाडी सेविका पाहतात. लसीकरण व तपासणी आरोग्य कर्मचारी करतात. या दोहोंच्या मधे एकही बालक सुटू नये, यासाठी सर्वांनी मिळून काम कसे करावे हे केवळ पुस्तकातून शिकता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वस्तीत पाठविले जाते.

अचूक मोजमाप का महत्त्वाचे?

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. फीत थोडी सैल धरली तरी घेर अधिक भरतो आणि उपचारांची गरज असलेले बालक निरोगी ठरते. दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून, तर त्यापुढील बालकाची उंची उभे करून मोजावी लागते. अशी मोजमापे विद्यार्थी अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली शिकतात.

पालकांनी काय करावे?

• विद्यार्थ्याचे नाव व त्याच्यावर देखरेख कोण करीत आहे, हे निःसंकोच विचारावे.
• लस टोचताना प्रशिक्षित परिचारिका जवळ असल्याची खात्री करावी. लसीनंतर अर्धा तास तेथेच थांबावे.
• विद्यार्थ्याकडून तपासणी नको असल्यास तसे सांगावे. त्यामुळे बालकाचा आहार वा लस थांबत नाही.
• मोजमापाबद्दल शंका वाटल्यास ते पुन्हा घेण्यास सांगावे.
• माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे आणि त्यावर नोंद करून घ्यावी.
• ताप, जुलाब, खाणे कमी होणे किंवा दोन्ही पायांवर सूज असल्यास न लपविता सांगावे.

बालकाची प्रकृती विद्यार्थ्याला चिंताजनक वाटल्यास तो परिचारिकेला कळवितो. तिने पुढील उपचारांसाठी चिठ्ठी दिल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.